तो विषय वेगळा नाही

"प्रिय ताई,

मी बडोद्याची, रावपुऱ्यात राहते. वय 56. विद्यापीठात होम सायन्सला होतो तेव्हापासून आम्ही चौघी मैत्रिणी. 37 वर्षं झाली. लग्नं होऊनही चौघी इथेच राहिलो, हे आमचं नशीब. दर शनिवारी सकाळी कमाटीबागेत फिरतो, मग सेव-उसळ खातो. गुडघे, नातवाचे दात, सुनेची नवी नोकरी, कुणाच्या कुंडीत काय उगवलं, सगळं तिथे बोलायचं.

महिन्यापूर्वी कळलं, की आमच्या दांडियाबाजारच्या मैत्रिणीच्या छातीत गाठ होती. तपासणी झाली, गाठ काढली, रिपोर्ट आला. साधीच निघाली, देवाची कृपा. पण बाकी दोघींना हे पहिल्यापासून ठाऊक होतं. एक तर तिच्याबरोबर दवाखान्यात गेली होती. मला तीन आठवड्यांनी कळलं, तेही बोलण्याच्या ओघात. त्या तीन आठवड्यांत मी तिच्याबरोबर दोनदा बागेत फिरले आणि तिने मला काय विचारावं, तर जास्वंदीला पांढरी कीड लागलीय, काय करू! मी कडुनिंबाचं तेल मारायला सांगितलं. मी इतकी परकी झाले का? त्यानंतर मी शनिवारी गेले नाही. उतराणीला, म्हणजे संक्रांतीला, तिने गुळाच्या पोळ्या पाठवल्या होत्या, तो डबाही अजून माझ्याकडे पडून आहे.

गेली दीड वर्षं मी कशातून जातेय ते माझं मला माहीत. पुरात ह्यांचं गोडाऊन बुडालं, डोक्यावर कर्ज झालं. ते मी कुणालाच सांगितलेलं नाही, पण तो विषय वेगळा.

तिला जाब विचारू, की गुपचूप बाजूला होऊ? मला 'तू'च म्हणा.

तुमची एक वाचक"

अगं,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा तुझ्याइतकाच मलाही राग आला. इतक्या वर्षांची मैत्री, आणि एवढी मोठी गोष्ट दडवायची? दुसऱ्यांदा वाचताना मात्र त्या एका ओळीशी अडखळले. मूळ पत्रात तू वहीची पाच पानं लिहिली आहेस, वर मी ते आटोपशीर करून दिलंय. पाच पानांतली साडेचार मैत्रिणीची, आणि तुझ्या संसारावर आलेल्या एवढ्या मोठ्या घाल्याला जेमतेम अर्धं पान. वर 'तो विषय वेगळा.'

तो विषय वेगळा नाही गं. तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला त्या अर्ध्या पानातच सापडलं.

मीही बडोद्याचीच. 2024 च्या ऑगस्टअखेरीचे ते दिवस मी विसरणार नाही. विश्वामित्रीचं पाणी 35 फुटांच्या वर गेलं होतं. सयाजीरावांनी गावाची तहान भागावी म्हणून बांधलेलं आजवा सरोवर भरून वाहत होतं आणि ते सगळं पाणी नदीतून गावात शिरत होतं. सोसायट्यांमध्ये मगरी फिरत होत्या. पाणी ओसरल्यावर रस्तोरस्ती फुगलेल्या गाद्या, आडवे पडलेले फ्रिज, चिखलाने भरलेले सोफे. पंधरा दिवस बडोद्यात एकमेकांना दुसरं काही विचारलंच जात नव्हतं: तुमचं काय गेलं?

त्याच दिवसांत मैत्रिणींनी तुलाही विचारलं होतं. तू काय म्हणालीस ते तूच लिहिलं आहेस: "आमचं काही नाही, आम्ही तिसऱ्या मजल्यावर ना. मजामां!" आणि त्याच दुपारी नदीकाठच्या गोडाऊनमध्ये यजमानांबरोबर तू कागदाची भिजलेली रिमं उचलत होतीस. एकेक रीम चिकटून दगडासारखी झाली होती, हाताला निळी शाई लागत होती, असं लिहिलंयस. ते वाचताना माझ्या डोळ्यांपुढे तुझे हातच आले. त्या हातांनी शनिवारी बागेत जाऊन तू मैत्रिणींना टाळ्या देत होतीस.

मग ते वाढतच गेलं. नवरात्रात गरब्याचे पास काढायची वेळ आली, तेव्हा तुझा पाय दुखायला लागला. पुढच्या वर्षीही दुखला. चौघींनी केरळला जायचं ठरलं, तर सासूबाईंना बरं नव्हतं. सेव-उसळीच्या जागी तुला हल्ली ॲसिडिटी होते. यातलं काहीही करताना तुझ्या मनात पाप नव्हतं, हे मला कळतं. आपल्याला लहानपणापासून शिकवलेलंच आहे, झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि आपण बडोद्याचे. 'केम छो'ला 'मजामां' म्हणायला आपल्याला विचारसुद्धा करावा लागत नाही. जिन्यात भेटलेल्या शेजाऱ्याला ते ठीकच आहे. पण 37 वर्षांच्या मैत्रिणीलाही दीड वर्ष तेच उत्तर मिळत राहिलं, तर तिला काय कळणार? पाय दुखत नाही एवढं तिला नक्की कळलं असणार. तू काहीतरी झाकते आहेस, आणि तिला त्यात घ्यायची तुझी इच्छा नाही, एवढंच तिच्या हाती लागलं.

मग तिला गाठ लागली. मी तिच्या मनात शिरू शकत नाही, तेव्हा अमुकच कारण होतं असं म्हणणार नाही. पण मी तिच्या जागी असते, तर तुला सांगताना माझीही जीभ अडखळली असती. जी आपलं काहीच आपल्यापाशी ठेवत नाही, तिच्यापाशी आपलं एवढं मोठं ओझं कसं ठेवायचं? कदाचित तिला असंही वाटलं असेल, की हिच्या घरी काहीतरी चाललंय, त्यात आपली भर नको. सांगणं-ऐकणं हे देण्याघेण्यासारखं असतं. एका बाजूने थांबलं, की दुसऱ्या बाजूनेही हळूहळू थांबतं, कुणी मुद्दाम न थांबवता.

माझ्या आईची एक गोष्ट तुला सांगते. मी पाचवीत असताना वडिलांची नोकरी गेली. आम्ही तेव्हा बाजवाड्यात राहायचो, शेजारी एक गुजराती कुटुंब होतं. दोन्ही घरांतून रोज काही ना काही इकडून तिकडे जायचं. आपल्यात वाटी रिकामी परत करत नाहीत, त्यांच्यातही नाही. त्यामुळे ते चक्र कधी थांबायचंच नाही. आमटी गेली की ढोकळा यायचा. नोकरी गेल्यावर वाटीत घालायला आमच्याकडे काही उरलं नाही, म्हणून आईने त्यांची वाटी परतच केली नाही. फडताळात मागे लपवून ठेवली. मग त्यांनी काही पाठवलं, तर "आज उपास आहे" म्हणून सांगायची. महिनाभरात येणंजाणं बंद. दोन्ही घरांची दारं समोरासमोर, आणि दोन्ही ओढून घेतलेली.

एके संध्याकाळी त्या काकी दारात आल्या. हातात छोटीशी रिकामी वाटी. म्हणाल्या, "मेळवण आपो ने, बेन." आपल्या विरजणाला गुजरातीत मेळवण म्हणतात, तुला ठाऊकच आहे. आता त्यांच्या घरी दही लागलं नाही, असा एक दिवस आम्ही पाहिलेला नव्हता; आमच्याकडेच कैकदा त्यांचं विरजण यायचं. आई त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने चमचाभर दही त्या वाटीत घातलं आणि तिथेच, उंबऱ्यात, तिला रडू फुटलं. मी मागे दप्तर घेऊन उभी होते. काकी आत आल्या आणि ओट्यापाशी खाली बसल्या. त्या रात्री आई त्यांच्याशी किती वेळ बोलत होती, मला आठवत नाही, मी झोपून गेले. पुढच्या आठवड्यात काकीच तिला सूरसागराजवळच्या महाराणी चिमणाबाई स्त्री उद्योगालयात घेऊन गेल्या. 1914 पासून बायकांच्या हाताला काम देणारी ती जागा आमच्या घरापासून चालत जाण्याइतकी जवळ होती, पण आईला ती सुचली नव्हती. तिथे ती शिवण शिकली आणि त्या शिवणावर आमची पुढची चार वर्षं निघाली.

आता तुझ्या पत्रातली जास्वंद पुन्हा एकदा बघ.

तपासणी झाल्यावर रिपोर्ट यायला काही दिवस लागतात. ते दिवस कसे जातात, ते ज्याने काढलेत त्यालाच माहीत. हात चुकून त्या जागी गेला तरी छातीत धस्स होतं. तशा दिवसांत ती शनिवारी बागेत आली. तू तिच्या शेजारून चालत होतीस. आणि तिने तुला जास्वंदीच्या किडीचं विचारलं. इतकी वर्षं झाडं लावणाऱ्या बाईला कडुनिंबाचं तेल ठाऊक नसेल? तू ज्याला परकेपणा म्हणतेस, ते मला मेळवण मागणं वाटतं. मोठं बोलवत नव्हतं, म्हणून ती लहानशी वाटी घेऊन तुझ्या दारात आली होती. तू तिला तेल सांगितलंस, बरोबरच सांगितलंस. पण एक वाक्य तुझ्याकडूनही यायला हवं होतं, आणि ते द्यायची सवय तुझी दीड वर्षात मोडली आहे.

म्हणून जाब विचारू नकोस. गुपचूप बाजूलाही होऊ नकोस. डबा परत करायला जा.

डब्यात घालण्यासारखं घरात काही नाही असं तू लिहिलंयस. दोन मुठी दाणे भाज, मीठ लावून घाल. पुरे. शनिवारची वाट पाहू नकोस, तिथे चौघी असतील. एकटी तिच्या घरी जा, चहाच्या वेळेला. गेल्या गेल्या "मला का नाही सांगितलंस" हे वाक्य काढू नकोस. तुला वाईट वाटलं यात काही चूक नाही, आणि दोन-तीन महिन्यांनी, सगळं निवल्यावर, ते तिला जरूर सांग. पहिल्या दिवशी मात्र तिला बोलू दे. अशा प्रसंगातून बाहेर आलेल्या माणसाला ते सगळं पुन्हा एकदा पहिल्यापासून सांगायचं असतं: गाठ कशी हाताला लागली, आधी कुणाला सांगितलं, रात्री झोप लागत होती की नाही. बाकी दोघींनी ऐकलं असेल, तरी तुला सांगणं निराळं. मध्ये कुणाच्या आत्याची गोष्ट घालू नकोस. डॉक्टरांनी पुढे परत दाखवायला बोलावलं असेल, तर "त्या दिवशी मी येते" म्हण आणि तारीख लिहून घे.

मग तुझं सांग. सगळं नाही. विरजण लावताना आपण चमचाभरच घालतो, आणि दूध कोमट असतं. तसंच. "पुरात आमचंही गोडाऊन गेलं गं, तेव्हा सांगवलं नाही," एवढं पुरे. पण त्याआधी एक कर. यजमानांना विचार. हा त्यांच्याही मानाचा प्रश्न आहे, आणि कर्जाचा आकडा, कुणाकडून घेतलं, हे त्यांना न विचारता बाहेर जाऊ नये. "आकडा सांगणार नाही, पण मैत्रिणींशी खोटं बोलून मी दमले," असं त्यांना म्हण. कदाचित तेही कुणापाशी तरी असंच 'मजामां' म्हणत असतील.

तुझी आणखी एक भीती ओळींच्या मागे मला दिसली, की सांगितलं तर त्यांना वाटेल ही पैसे मागायला आली. मग आधीच बोलून टाक: "मला पैसे नकोत. केरळचं जमणार नाही, पण शनिवारचं जमेल." हे वाक्य तोंडातून गेलं, की पाय दुखवून घ्यायची गरज राहणार नाही. कदाचित त्या तिघी म्हणतील, केरळ राहू दे, सकाळी निघून पावागडला जाऊन संध्याकाळी परत येऊ. म्हणाल्या तर मान वाकडी करू नकोस. त्यांनाही तुझ्यासाठी काही करू दे. आणि नाहीच म्हणाल्या, त्या तिघी केरळला गेल्या, तरी मनाला लावून घेऊ नकोस. आल्यावर फोटो बघ, काय खाल्लं ते विचार.

लहान आनंद सांगायचेही तू बंद केले आहेस, हे तुझ्या लक्षात आलंय का? संकट लपवायला गेलं की त्याच्याबरोबर तेही आत जातात. पाचव्या पानाच्या शेवटी, सहीच्या वर, तू कोपऱ्यात लिहिलं आहेस की गोडाऊनमधून वाचलेल्या कोऱ्या कागदांच्या तू वह्या शिवतेस, आणि खालच्या मजल्यावरची लहान मुलगी रोज एक वही मागायला येते. हे मला का सांगितलंस, तिला का नाही? जाताना त्यातली एक वही डब्याबरोबर घेऊन जा. कुठून आली ते ती विचारेलच.

दार उघडल्यावर पहिल्यांदा काय बोलायचं ते सुचलं नाही, तर जास्वंदीचं विचार. तेलाने कीड गेली का, ते मलाही कळव.

तुझी,
ताई