पाण्याचा थेंब ढगात, नदीत, विहिरीत किती दिवस राहतो?

हिशोब घरच्या हौदासारखाच आहे. हजार लिटरचा हौद, रोज दोनशे लिटर आत, दोनशे बाहेर. म्हणजे पाणी सरासरी पाच दिवस थांबतं. साठा भागिले रोजची ये-जा, एवढंच.

हवेतली वाफ साधारण नऊ-दहा दिवसांत खाली येते. नदीतलं पाणी आठवडे ते महिने, आणि समुद्रातलं सरासरी ३,००० वर्षं. आपल्या अंगातलं? चाळीसेक लिटर साठा, रोजची उलाढाल अडीच-तीन लिटर, म्हणजे दोनेक आठवडे.

खरी गंमत जमिनीखाली. आमच्या लातूरकडं वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. मुरमात पाणी लवकर उतरतं, म्हणून चांगला पाऊस झाला की आमच्या विहिरीचं पाणी आठ-पंधरा दिवसांत दोन-तीन परस (परस म्हणजे साधारण माणसाच्या उंचीएवढं माप) वर येतं. पण पाषाणात पाणी फक्त भेगांत. पाचशे फुटांच्या बोअरमधून जे उपसतो ते या साली मुरलेलं असेलच असं नाही, कैक वर्षांपूर्वीचंही असू शकतं. म्हणून बोअर एकदा आटला की एका पावसाळ्यात भरेलच असं धरून चालू नका. आमच्या भावकीत तीन जणांनी धरलं होतं, तिघांच्या मोटारी आता घरात पडून आहेत.

पैठणच्या जायकवाडीत तर थेंब नाशिक-नगरकडून येतो. वरची धरणं भरेपर्यंत तो अडकतो आणि ती भरली की खाली सुटतो, म्हणून आपल्याकडं आभाळ कोरडं असतानाही धरण चढताना दिसतं.