उंदरांना झिंक ऑक्साइड देण्याआधी

हे बघ, झिंक ऑक्साइडच्या नॅनोकणांनी (अतिसूक्ष्म कणांनी) यकृत बिघडतं का हे तपासताना नुसता नॅनोकण दिलेल्या उंदरांचा एकच गट ठेवू नकोस. झिंक ऑक्साइड जठरातल्या आम्लात विरघळतं, जस्ताचे आयन (विद्युतभारित अणू) सुटतात. मग यकृत बिघडलं ते कणांमुळे की आयनांमुळे? म्हणून विरघळून नुसते आयन देणाऱ्या झिंक क्लोराइडचा आणि मोठ्या कणांच्या साध्या भुकटीचाही गट हवाच.

डोस देण्याच्या अगदी आधी मिश्रण सोनिकेट कर, म्हणजे ध्वनिलहरींनी कण पाण्यात नीट पसरव. माझ्या पहिल्या प्रयोगात बाटलीच्या तळाशी पांढरा साका बसला होता. शेवटच्या उंदरांना जवळजवळ नुसतं पाणीच गेलं. ते जीव वाया गेले, अजून सलतं.

आणि आपल्या नागपूरचा मे! पारा ४५ अंशांवर जातो. प्राणिगृहाचा एसी रात्री बंद पडला, तर नुसत्या उष्णतेनंही ऑक्सिडेटिव्ह ताण (पेशींना इजा करणाऱ्या ऑक्सिजनयुक्त रेणूंचा भार) वाढतो, आणि तो कणांचाच परिणाम वाटेल. तापमान रोज दोनदा स्वतः नोंदव.