ती पावलं कुणाची?

प्रश्न : ‘ग्रांदोला, विला मोरेना’ हे पोर्तुगीज गाणं सुरू होण्याआधी बुटांचा आवाज येतो. पोर्तुगालमधल्या १९७४च्या लष्करी उठावात हेच गाणं रेडिओवर लागलं होतं म्हणे. मग तो आवाज सैनिकांचाच ना?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : नाही. मीही कित्येक वर्षं तसंच समजत होतो, त्यामुळे वाईट वाटून घेऊ नका.

गाणं जुझे आफोन्सो या गायकाचं, पण पावलांची कल्पना संगीतकार जुझे मारिओ ब्रांकोची. (तुम्ही गोव्याचे, ‘जुझे’चा उच्चार तुम्हाला काय सांगायचा!) ब्रांको १९४२ साली पोर्तुगालच्या पोर्तू शहरात जन्मला. आफ्रिकेतल्या वसाहती टिकवण्याच्या लढाईत जायचं नाही म्हणून १९६३मध्ये त्यानं देश सोडला आणि पॅरिस गाठलं. परतायची सोय नव्हती, मायदेशी गेला असता तर तुरुंगच.

१९७१मध्ये आफोन्सो ध्वनिमुद्रणासाठी फ्रान्समध्ये आला. पॅरिसजवळ एरुव्हिल नावाच्या गावी एका जुन्या गढीत स्टुडिओ होता. संगीत संयोजन ब्रांकोकडे. दक्षिण पोर्तुगालच्या आलेन्तेजू भागात (ग्रांदोला गाव तिथलंच) शेतमजूर ओळीनं, संथ डुलत चालत गातात. एक जण ओळ उचलतो, बाकीचे मागून झेलतात. ते चालणंही गाण्यात हवं, असं ब्रांकोला वाटलं. मग रात्री, सगळीकडे सामसूम झाल्यावर, गढीबाहेरच्या खडीवर मायक्रोफोन लावून चौघं जण पाय घासत चालले : आफोन्सो, ब्रांको, गायक फान्याइश आणि गिटारवादक कार्लुश कोरैया. फान्याइश तर पाद्री! सैनिक एकही नाही. हेडफोन लावून ऐका, खडी करकरते ती स्पष्ट कळते. बूट आपटले तर असा आवाज येत नाही.

२५ एप्रिल १९७४ला रात्री १२ वाजून २० मिनिटांनी ही खडी लिस्बनच्या रेडिओवर वाजली. बंडखोर अधिकाऱ्यांची ती ठरलेली खूण होती. म्हणजे सैनिक आले ते पावलं ऐकल्यावर. हुकूमशाही कोसळली आणि ब्रांको अकरा वर्षांनी घरी परतला. त्याच वर्षाच्या अखेरीस पोर्तुगालनं गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्वही मान्य केलं.

ब्रांकोचा स्वतःचा १९७१चा अल्बमही मिळवाच. त्याचं नाव ‘काळ बदलतो, इच्छा बदलतात’ अशा अर्थाचं आहे. ओळ पोर्तुगीज कवी कामोइंशच्या एका सुनीतातली (सॉनेटमधली). तोच, ज्याचा ब्राँझचा पुतळा तुमच्या जुन्या गोव्याच्या संग्रहालयात उभा आहे.