आधार सक्तीचं आहे का? कायद्यात काही ठिकाणी, खिडकीवर सगळीकडे

नंदनवनच्या ताईंनी एकदम तीन गोष्टी विचारल्यात. आईचा अंगठा कंट्रोलवर, म्हणजे रेशन दुकानात, लागत नाही म्हणून धान्य अडलं. मुलीची शाळा म्हणते आधारशिवाय जमणार नाही. आणि भाड्याच्या फ्लॅटसाठी सोसायटी घरातल्या सगळ्यांच्या आधारच्या झेरॉक्स मागते. वर, उद्या राष्ट्रीय ओळखपत्र सक्तीचं झालं तर काय, ही धास्ती. त्यावर दोघांनी लिहिलंय, "आपण चोरी केली नाही तर भ्यायचं काहून?" त्यांच्याकडे नंतर येतो. मी सिव्हिल लाइन्समध्ये कचेरीबाहेर लोकांचे अर्ज लिहून देतो, त्यामुळे ही प्रकरणं रोजचीच.

ताई, आधी आईचं, कारण ते पोटाचं आहे. भांडीधुणी करणाऱ्या बायांचे, मिस्त्रीकाम करणाऱ्यांचे, म्हाताऱ्या माणसांचे ठसे झिजलेले असतात. दुकानदार आधी अंगठा लावायला सांगतो, मग पहिलं बोट, मग "पदराला पुसा जरा", मग दुसरा हात. मागची लाइन कुरकुरायला लागते आणि शेवटी ठरलेलं वाक्य येतं: "सर्व्हर डाऊन आहे, उद्या या." अडलं सर्व्हरमुळे की बोटामुळे, हे त्या बाईला कधीच कळत नाही. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत, म्हणून मशीनवर काय एरर आला ते तुम्ही स्वतः वाचा, मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. सर्व्हर बंद असेल तर उद्या जाणं ठीक. ठसा जुळत नसेल तर तो उद्याही जुळणार नाही.

एकाच रेशनकार्डावर नावं असतील तर आईनेच गेलं पाहिजे असं नाही. कार्डातल्या दुसऱ्या कोणाचाही ठसा चालतो, म्हणजे तुमचं नाव त्यात असेल तर तुम्हीच जा. ई-केवायसी, म्हणजे कार्डातल्या प्रत्येकाची आधारवरून ओळख पटवणं, मात्र ज्याची त्यानेच करायची; ती 'मेरा ई-केवायसी' ॲपवर चेहऱ्यानेही होते. जमेल तेव्हा आईला आधार केंद्रावर नेऊन बोटं आणि डोळे पुन्हा नोंदवून घ्या, मोबाइल नंबरही जोडून घ्या.

आता कायदा. आधार कायदा 2016 चा. त्याच्या कलम 7 मुळे सरकारी तिजोरीतून मिळणाऱ्या लाभांसाठी आधार मागता येतं, आणि सर्वोच्च न्यायालयाने 26 सप्टेंबर 2018 ला चार विरुद्ध एक मतांनी ते कलम कायम ठेवलं. त्यामुळे "आधार ऐच्छिक आहे" असं रेशन दुकानात भांडून उपयोग नाही. पण त्याच कलमात लिहिलंय की आधार क्रमांक मिळालेला नसेल तर ओळख पटवायचा दुसरा मार्ग द्यायचा. शिवाय 24 ऑक्टोबर 2017 ला केंद्राच्या अन्न विभागाने राज्यांना कळवलं होतं की आधार नाही किंवा ठसा जुळत नाही एवढ्यावरून पात्र कुटुंबाला धान्य नाकारू नका. ते पत्र उगाच निघालं नव्हतं. त्याच्या महिनाभर आधी झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात 11 वर्षांची मुलगी गेली. घरचे म्हणत होते की आधार जोडलं नाही म्हणून कार्ड रद्द झालं आणि पोर उपाशी मेली. प्रशासन मलेरियाचं कारण देत होतं. आधारवरचा खटला सर्वोच्च न्यायालयात चालू असताना आधार देणाऱ्या प्राधिकरणाच्या प्रमुखांनीच 2018 मध्ये न्यायालयाला सांगितलं की सरकारी सेवांमध्ये ओळख जुळण्याचं प्रमाण 88 टक्के आहे. उरलेल्या 12 टक्क्यांत तुमच्या आईसारखी माणसं येतात.

म्हणून माझा सल्ला एकच, आणि तो तुमच्या तिन्ही प्रश्नांना लागू आहे: नकार लेखी मागा. खिडकीवरचा माणूस तोंडाने वाट्टेल ते सांगतो, कागदावर सही करायची म्हटली की त्याला नियम आठवतात. साधा अर्ज लिहा: "अमुक तारखेला अमुक दुकानात ठसा न जुळल्याने धान्य दिले नाही. पर्यायी पद्धतीने धान्य मिळावे, अन्यथा नाकारण्याचे कारण लेखी कळवावे." तो अन्नधान्य वितरण अधिकाऱ्याकडे द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का घेतल्याशिवाय हलू नका. शिक्का नसलेला अर्ज म्हणजे रद्दी.

शाळेचं वेगळं आहे. 2018 च्या त्याच निकालात न्यायालयाने स्पष्ट म्हटलंय की शाळाप्रवेशासाठी आधार सक्तीचं करता येणार नाही. तरी मुख्याध्यापक मागे का लागतात? आपल्या राज्यात संचमान्यतेला, म्हणजे शाळेत किती शिक्षक ठेवायचे ते ठरवायला, आधार जुळलेले विद्यार्थी मोजले गेले. पटावर पोरं असून आधार जुळत नसेल तर शिक्षकाची जागा जायची भीती. त्यांच्याशी भांडू नका, त्यांच्याही डोक्यावर कोणीतरी बसलेलं आहे. मुलीचं आधार असेल आणि द्यायला हरकत नसेल तर नाव-जन्मतारीख शाळेच्या नोंदीशी जुळवून द्या. नसेल तर प्रवेश थांबवता येत नाही, एवढं लेखी कळवा. अपार आयडीचा, म्हणजे विद्यार्थ्याच्या कायमच्या ओळख क्रमांकाचा, संमतीचा फॉर्म मात्र वाचून सही करा. संमती म्हटलं की नाही म्हणायची सोय आलीच.

आता "चोरी केली नाही तर" वाले. न्यायालयात सरकारतर्फे सांगितलं गेलं होतं की आधारची माहिती 13 फूट उंच आणि 5 फूट जाड भिंतींच्या आत आहे. असेलही. माझ्या बाजूच्या झेरॉक्सच्या दुकानात बिघडलेल्या प्रतींचा गठ्ठा असतो, पाठकोरे कागद म्हणून पोरं त्यावर हिशेब करतात. पलटून बघा: नाव, पत्ता, बारा आकडे, फोटो. त्या गठ्ठ्याला 13 फुटांची भिंत नाही. शिवाय अंगठ्याने बँकेतून पैसे निघतात, आणि रजिस्ट्रीच्या कागदांवरच्या ठशांच्या नकला करून खाती साफ केल्याचे गुन्हे देशात नोंदले गेलेत. त्यात लुटल्या गेलेल्यांनी कुठे चोरी केली होती? बायोमेट्रिक (ठसे, डोळे) लॉक करायची सोय आधारच्या सरकारी ॲपवर आहे, जरूर वापरा. पण अंगठ्यावर धान्य घेणाऱ्याने विचार करून. लॉक असलं की कंट्रोलवर ठसा लागणार नाही, आणि दोष पुन्हा सर्व्हरवर जाईल.

राष्ट्रीय ओळखपत्राची भीती मी हसण्यावारी नेत नाही. नागरिकत्व कायद्याच्या कलम 14अ नुसार सरकार प्रत्येक नागरिकाची सक्तीने नोंद करून असं कार्ड देऊ शकतं. आधार ते कार्ड नाही. ते रहिवाशांसाठी आहे, आणि आधार नागरिकत्वाचा पुरावा नाही हे आधार कायद्याच्याच कलम 9 मध्ये लिहिलंय. म्हणजे आत्ता सगळीकडे मागितला जाणारा कागद उद्या नागरिकत्वाचा प्रश्न आला तर पुरा पडणार नाही. आईवडिलांचे जन्माचे दाखले, शाळा सोडल्याचे दाखले, जुनी मतदार यादी, सातबारा आत्ताच शोधून ठेवा. खासगी कंपन्यांना आधार वापरू देणारा कलम 57 चा भाग न्यायालयाने 2018 मध्ये रद्द केला, पण 31 जानेवारी 2025 च्या नव्या नियमांनी त्यांच्यासाठी वाट पुन्हा उघडली आहे. ही असली दारं हळूहळूच किलकिली होतात, म्हणून लक्ष ठेवायचं.

राहिली सोसायटी. आधार कायद्याने त्यांना तुमचा नंबर मागायचा कसलाही हक्क दिलेला नाही. भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवणं हे घरमालकाचं काम, ते त्यांनी करावं. सोसायटीला घरातल्या एकाचं ड्रायव्हिंग लायसन्स किंवा मतदार कार्ड पुरे. आधारच हवं म्हणून अडून बसले तर मास्क केलेलं द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात, आणि प्रतीवर आडवं लिहा: "फक्त अमुक सोसायटीच्या नोंदीसाठी", तारीख, सही. लेकरांचं कोणाचंच देऊ नका. सेक्रेटरी ओळखीचा असेल तर आधी तोंडी बोला, अर्ज नंतर.