फार्महाऊस पद्धतीची बाथरूम करायची असेल तर आधी पाण्याची वाट आखा

तुमची बाथरूम पाच बाय आठ फुटांची आहे आणि ती तुम्हाला फार्महाऊस पद्धतीनं करायची आहे. घरातलं जुनं लाकडी कपाट बेसिनखाली वापरायचं मनात आहे, आणि पायांवर उभा राहणारा जुन्या घडणीचा टब आणि सरकतं लाकडी दार जमेल का, असंही तुम्ही विचारलंय. मी अंतर्गत सजावटीचं काम करते आणि ही शैली माझ्या फार आवडीची आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

या शैलीचा सगळा जीव लाकूड, लोखंड आणि पांढरीशुभ्र चिनीमाती किंवा इनॅमल यांत आहे. त्यातल्या पहिल्या दोघांचं पाण्याशी हाडवैर. त्यामुळे रंग, आरसे, दिवे बघायच्या आधी खोलीचा साधा आराखडा कागदावर काढा आणि पाणी कुठवर जातं ते त्यावर रंगवा. शॉवरचं थेट पडणारं, बेसिनभोवती उडणारं, ओल्या पायांबरोबर दारापर्यंत येणारं आणि वाफ होऊन छताला लागणारं, सगळं. लाकूड कुठे चालेल आणि कुठे नाही, हे तो कागदच सांगेल.

तुमच्या मापात मी दारापासून लांबचे तीन फूट अंघोळीसाठी ठेवीन आणि अलीकडचे पाच फूट कोरडे. मध्ये काच किंवा कमरेएवढी टाइल लावलेली भिंत. ओल्या भागात लाकूड अजिबात नको. तिथे तीन बाय सहा इंचाच्या साध्या पांढऱ्या टाइल थेट छतापर्यंत न्या. या टाइल न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेसाठी 1904 मध्ये वापरल्या गेल्या, ती स्थानकं उजळ दिसावीत आणि सहज धुता यावीत म्हणून. बाथरूमलाही नेमकं हेच हवं असतं. ग्राउट, म्हणजे टाइलच्या सांध्यांत भरायचा मसाला, पांढरं न घेता फिकट राखाडी घ्या, शक्यतो इपॉक्सी. पांढरं ग्राउट फार लवकर मळकट दिसतं. खाली लहान षटकोनी मोझॅक छान दिसतं, आणि त्यात सांधे जास्त असल्यानं पायाला पकडही मिळते. उतार फुटाला पाव इंच. टाइल बसवण्याआधी वॉटरप्रूफिंग झालं की जाळी बंद करून 24 तास पाणी कोंडून ठेवा आणि खालचं छत तपासा. गवंडी घाई करत असला तरी ही पायरी सोडू नका.

कोरड्या भागात भिंतीला साडेतीन फुटांपर्यंत उभ्या लाकडी पट्ट्या लावा. या शैलीची ओळख पटते ती इथेच. मात्र पट्ट्या जमिनीला टेकवू नका. खाली चार इंचांची टाइलची पट्टी द्या आणि लाकूड तिच्यावरून सुरू करा. पट्टीची मागची बाजू आणि दोन्ही टोकं भिंतीवर चढवण्याआधीच प्रायमरनं बंद करून घ्या. लाकूड सगळ्यात जास्त पाणी पितं ते कापलेल्या टोकातून, आणि नेमकं तेच टोक रंगवायचं राहून जातं. एमडीएफच्या, म्हणजे लाकडाचा भुगा दाबून केलेल्या फळीच्या, पट्ट्या स्वस्त पडतात, पण एकदा ओल शिरली की फुगतात आणि मग परत बसत नाहीत.

आता कपाट. ते वापरा, जरूर वापरा. अशा खोलीत एक खरी जुनी वस्तू असली की बाकीचं सगळं साधं असलं तरी चालतं. आधी त्याची उंची मोजा. बेसिनची कड जमिनीपासून 32 ते 34 इंचांवर आली तर हात धुताना कोपरावरून पाणी ओघळत नाही. कपाटच 33 इंचांचं असेल आणि वर पाच इंचांचं वाडग्यासारखं बेसिन ठेवलं, तर कड 38 इंचांवर जाते. मग एक तर पाय कापावे लागतील, नाहीतर माथ्यात बसणारं बेसिन घ्यावं लागेल. मी दुसरा मार्ग धरीन. कपाटाचं पुढून मागचं माप 18 इंचांपेक्षा जास्त नको, म्हणजे पाच फूट रुंदीत समोर उभं राहायला साडेतीन फूट उरतात.

वरचा खण प्लंबिंगच्या आड येतो. सरसकट त्याचं तोंड चिकटवून टाकतात, पण चांगला सुतार त्याच्या मधोमध इंग्रजी यू आकाराचा भाग कापून देतो. पाइप त्या खाचेत राहतो आणि दोन्ही बाजूंना दाढीचं सामान, कंगवे ठेवायला जागा उरते. बॉटल ट्रॅप, म्हणजे बेसिनखालचा बाटलीच्या आकाराचा आटोपशीर सांडपाण्याचा ट्रॅप, घेतलात तर खाच लहान पुरते. पाठीमागची फळी पाइपसाठी कापली की कपाट डुगडुगतं, तेव्हा मागे एक आडवी पट्टी ठोकून घ्या. माथ्यावर दगड बसवा किंवा पॉलियुरेथेन या पाणी रोखणाऱ्या वॉर्निशचे तीन-चार हात द्या, आणि बेसिनसाठी पाडलेल्या भोकाची कड आतूनही रंगवा. नळाच्या बुडाशी पाणी साचतं आणि लाकूड काळं पडायला सुरुवात होते ती तिथूनच.

वाफेसाठी एक्झॉस्ट फॅन मिनिटाला निदान 50 घनफूट हवा ओढणारा असावा, आणि त्याची नळी घराबाहेर उघडायला हवी. फॉल्स सीलिंगमध्ये सोडलेली नळी ओल फक्त नजरेआड करते. अंघोळीनंतर फॅन वीसेक मिनिटं चालू राहू द्या.

नळांबाबत आवडीआधी पाणी बघा. तुमच्याकडचं पाणी जड असेल तर मॅट काळ्या नळांवर क्षाराचे पांढरे डाग उठून दिसतात. लॅकरचा, म्हणजे चमक टिकवणारा पारदर्शक थर नसलेलं पितळ हळूहळू काळवंडतं, आणि ते या शैलीत शोभून दिसतं. दोनपेक्षा जास्त धातू एकत्र आणू नका.

आरशावर लोखंडी टोपीचा दिवा सुंदर दिसतो, पण उजेड वरून येत असल्यानं डोळ्यांखाली सावली पडते. आरशाच्या दोन्ही बाजूंना चेहऱ्याच्या उंचीवर दिवे घ्या, 2700 ते 3000 केल्व्हिनचे, म्हणजे उबदार पिवळसर उजेडाचे. पाणी उडतं तिथले दिवे किमान आयपी44 दर्जाचे, म्हणजे उडणाऱ्या पाण्यापासून सुरक्षित, हवेत. टॉवेलसाठी लाकडी पट्टीवर खुंट्या ठोका, त्या स्टँडपेक्षा कमी जागा खातात. अक्षरं रंगवलेल्या पाट्या आणि मुद्दाम गंजवलेल्या शोभेच्या वस्तू मात्र घेऊ नका. जुन्या शेतघरांत प्रत्येक वस्तू कामाची असायची, आणि त्या कामामुळेच तिला रूप यायचं.

टबाचं मन मोडावं लागतंय. बिडाचा टब रिकामाच शंभर किलोच्या पुढे जातो. त्यात दीडेकशे लिटर पाणी आणि माणूस धरला तर तीनशे किलोंहून जास्त भार चार छोट्या पायांवर येतो. वरचा मजला असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय तो आणूच नये. तळमजल्यावरही पाच फुटांच्या भिंतीलगत टबाच्या मागे हात जाईल एवढी जागा उरणार नाही, आणि तिथली फरशी कधीच नीट पुसली जाणार नाही.

सरकत्या दारामुळे उघडझापेची जागा वाचते, पण ते भिंतीपासून थोडं सुटून लोंबतं. फटीतून आवाज येतो, वास येतो, कडीही नीट बसत नाही. ही बाथरूम पाहुणे वापरणार असतील तर बिजागऱ्यांचंच दार ठेवा आणि त्याला बाहेरच्या अंगानं फळ्या लावून घ्या. शयनगृहातली स्वतःपुरती असेल तर सरकतं दार चौकटीपेक्षा दोन्ही बाजूंनी दोन-दोन इंच रुंद करून घ्या आणि रूळ पकडायला भिंतीत भक्कम आधार आहे ना, ते आधी ठोकून बघा.