ट्रायपॉड न नेता माळशेजच्या धबधब्यांचं पाणी दुधासारखं कसं टिपावं?
सॅक कातळावर आडवी ठेवा, तिच्यावर कॅमेरा टेकवा, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, एफ/११ (लेन्सचं छिद्र लहान), शटर अर्धा सेकंद आणि २ सेकंदांचा टायमर लावा, म्हणजे बोटाचा धक्का बसत नाही. दर पावसाळ्यात ठाण्याहून मुरबाडमार्गे तिकडे जातो, तो अनुभव सांगतो: ढगाळ उजेडात एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी गडद काच) सहसा लागत नाही. पोलरायझर (चमक कापणारा फिल्टर) मात्र घ्याच. ओल्या दगडांवरची चमक जाते, वर दीड-दोन स्टॉप उजेडही कमी होतो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). लेन्सवरच्या तुषारांसाठी २-३ सुती फडकी प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा (छत्री घाटातल्या वाऱ्यात टिकत नाही). पण निघण्याआधी प्रशासनाचा बंदी आदेश तपासा; पावसाळ्यात अशा ठिकाणी तो लागतो, खारघरच्या पांडवकडा धबधब्यालाही.