दंतकथा आणि परंपरा लाभलेल्या जागेबद्दल इंग्रजीत कसं लिहावं?

सगळ्यात हुकमी प्रयोग ‘स्टीप्ट इन’ (steeped in), म्हणजे एखाद्या गोष्टीत मुरलेलं. ‘द कॅसल इज स्टीप्ट इन लेजंड.’ पुढे ट्रॅडिशन किंवा हिस्टरीही चालतं. चुकतं ते दोन ठिकाणी: ‘इन’ऐवजी ‘विथ’ घातलं जातं आणि शेवटचा ‘ईडी’ गळतो. नुसतं ‘स्टीप’ राहिलं की वाचणाऱ्याला चढ आठवतो, परंपरा नाही.

‘स्टोरीड’ (storied), म्हणजे कथा-इतिहासाने गाजलेलं, नामाच्या आधीच शोभतं: ‘अ स्टोरीड कॉलेज’. ‘द कॉलेज इज स्टोरीड’ कानाला खटकतं. शिवाय अमेरिकेत हाच शब्द मजल्यांसाठीही वापरतात, म्हणून त्याच्याआधी आकडा येऊ देऊ नका.

‘लेजंडरी’ जपून वापरा. हल्ली त्याचा अर्थ बहुतेकदा नुसता ‘फार गाजलेला’ असा होतो; ‘लेजंडरी पिझ्झा’मागे कुठलीच दंतकथा नसते. ‘फेबल्ड’ला कल्पितपणाची छटा आहे, त्यामुळे एल डोराडोसारख्या दंतकथेतल्या सुवर्णनगरीला ते चपखल बसतं.

जुन्या, मानाने जपलेल्या चालीरीतींना ‘टाइम-ऑनर्ड’, गूढ गोष्टींना ‘श्राउडेड इन मिस्टरी’. ‘श्राउडेड इन ट्रॅडिशन’ मात्र टाळा, कारण श्राउड म्हणजे झाकणं, आणि परंपरा तर उघड पाळली जाते.

कथाच सांगायची असेल तर सरळ ‘लेजंड हॅज इट दॅट’ने (‘दंतकथा अशी की’) सुरुवात करून पुढे पूर्ण वाक्य जोडा.